बाहुलीची मान

बाहुली मोडते ती मानेत. हात उसवला तर दोन टाके घालून भागतं, पाय लोंबकळला तरी खेळणारीला त्याचं काही वाटत नाही, डोळ्यांचा रंग उडाला तर काजळाचं एक बोट पुरतं. मान गेली की मात्र बाहुली गेली. धड कापडाचं, डोकं मातीचं, आणि दोघांची गाठ पडते ती जागा जेमतेम पेरभर. कापड ओढलं की ताणतं, माती ओढली की तुटते. असे दोन स्वभाव एका पेरात नांदवायचे म्हणजे बाहुली करणं. बाकी सगळं, म्हणजे लुगडं, नथ, कुंकू, हौस म्हणून.

हे मला माझ्या आजीनं शिकवलं. आम्ही तिला बाई म्हणायचो. ती माहेरची पैठणकडची. लग्न होऊन औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आली ती कुंभारवाड्याच्या अंगाला असलेल्या एका वाड्यात. आज त्या भागात गेलं की दुकानांमधून वाट काढत चालावं लागतं. माझ्या लहानपणी मात्र एका हाताला शिंपी आणि एका हाताला कुंभार अशा बेचक्यात आमचं घर होतं. बाई सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली. त्यानंतर गल्लीतल्या शिंप्याकडून ब्लाऊज घरी आणून ती हुका लावायची, काजं करायची, हातशिलाई मारायची. नगावर पैसे मिळायचे आणि वर कातरणाची पिशवी फुकट. शिंपी म्हणायचा, "बाई, हा कचरा घेऊन जा, मला झाडायचे कष्ट वाचतील." बाई पिशवी घरी आणून जमिनीवर उलटी करायची आणि धान्य निवडावं तशी ती निवडायची.

त्या ढिगात शहर दिसायचं. मॅचिंगच्या दुकानातून आणलेल्या ब्लाऊजपिसांचे त्रिकोणी तुकडे, खणाच्या पट्ट्या, नऊवारीचे जीर्ण काठ, कुणाच्या तरी लग्नातल्या शेरवानीची हिमरूची कातरण. हिमरूचा तुकडा हातात घेतला की बाई तो आधी उलटा करून बघायची. हिमरूची नक्षी वरून गालिच्यासारखी गच्च दिसते, पण मागच्या बाजूला जादा बाण्याचे धागे मोकळे सुटलेले असतात. कात्री लागली की कापड सुटायला लागतं. म्हणून त्याच्या कडेला चिंचोक्याची खळ लावायची, ती वाळली की मगच सुई घालायची. पैठणीच्या काठाला असला प्रश्न नाही. खऱ्या पैठणीला उलटी बाजू नसते, दोन्हीकडून तेच रूप. फाटक्या पैठणीचा वीतभर काठ कुणी दिला तर बाईच्या तोंडावर माहेरचं माणूस आल्यासारखा आनंद दिसायचा. तो तुकडा ती वर्षभर जपून ठेवायची आणि मग एखाद्याच बाहुलीला द्यायची.

धडाला मात्र नवं कापड तिला चालत नसे. जुन्या धोतराचं, धुऊन धुऊन मऊ आणि पातळ झालेलं हवं. नव्या कापडाला खळ असते, ते ऐकत नाही, असं ती म्हणायची. आत भरायला कापूस नको, चिंध्याच हव्यात. कापसाची बाहुली हातात पिसासारखी लागते आणि चिंध्यांच्या बाहुलीला वजन येतं. लहान मूल कडेवर घेतल्यासारखं वाटलं पाहिजे. धावदोऱ्यानं पिशवी शिवायची, उलटवायची, चिंध्या कोंबायच्या, कमरेला एक दोरा आवळला की कंबर, खांद्याला दोन टाके घातले की खांदे. इथपर्यंतचं काम आठ वर्षांची पोरही करायची. मी करायचे.

खरं काम मातीचं. आमच्याकडची काळी माती चिकट आणि हट्टी. ओली असते तोवर पाहिजे तशी वळते, वाळताना मात्र आकसून बसते. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा बाहुलीच्या गालावर पडतात. म्हणून बाई तळ्यातल्या गाळाची माती कुंभाराकडून मागून आणायची. कुंभार ती चाळून, भिजवून, तुडवून तयार ठेवत, आणि त्यांच्या मडक्यांच्या मातीत घोड्याची लीद असे. बाईला देवाधर्माच्या दिवसांत लीद चालत नसे, म्हणून ती राख घालायची आणि कापूस बोटांनी इतका बारीक पिंजून मिसळायची की मातीत तो दिसत नसे. मी विचारलं होतं, "बाई, कापूस कामून घालतीस?" तर म्हणाली, "मातीला माती धरत न्हाई. मधी कायतरी लागतं."

पुष्कळ वर्षांनी तिच्या या वाक्याला एक जोड सापडली. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असं राजदेव सिंह आणि तेव्हा आमच्या शहरातल्या विद्यापीठात असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांनी २०१६ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात मांडलं. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीतही भुसा आणि काड्या-तंतू आहेत. म्हणजे त्या प्रसिद्ध भिंतींचा कारागीर आणि कुंभारवाड्याजवळची हुका लावणारी विधवा एकाच अडचणीला एकच उत्तर शोधत होते. बाईला हे सांगता आलं असतं तर ती म्हणाली असती, "मग त्यात काय?" तिच्या दृष्टीनं माती वाळताना तडकते आणि तिला मधे कायतरी लागतं, ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट होती.

आता मान. डोकं लिंबाएवढं वळायचं, त्याच्याखाली पेरभर देठ सोडायचा. देठ ओला असतानाच त्याच्याभोवती दोरा फिरवून एक खाच पाडायची. खालून तुराटीची काडी आत खुपसायची. इथे नवशिकी चुकते. तिला वाटतं, काडी आत राहिली की मान भक्कम झाली. पण माती वाळताना आकसते आणि काडी आकसत नाही. चार दिवसांनी बघावं तर देठाला उभा तडा. म्हणून माती कडक व्हायच्या आत काडी फिरवून फिरवून हलकेच काढून घ्यायची, भोक तेवढं ठेवायचं. डोकं सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्यायचं. मग तीच काडी चिंधीच्या पट्टीत गुंडाळून, खळीत बुडवून, परत त्या भोकात बसवायची. मातीला कापडाची सवय अशी आतून लावायची. शेवटी धडाच्या गळ्याला चुण्या घालून तो देठावर चढवायचा आणि खाचेत दोरा आवळायचा. तीन वेढे, एक गाठ. पण आवळायचा किती? बाई सांगायची, "एक तांदूळ शिरंल एवढी सैल ठेव. ताठ बांधलीस तर पडल्यावर फुटंल. मान जरा हलू दे."

तिच्या बाहुल्यांच्या माना खरंच हलायच्या. उचललं की डोकं किंचित कलायचं, नवी नवरी पाहुण्यांसमोर मान कलती ठेवते तसं. उन्हाळ्याच्या सुटीत गल्लीत बाहुला-बाहुलीची लग्नं लागायची तेव्हा बाईच्या बाहुलीला वेगळं नटवावं लागत नसे. ती जन्मतःच लाजरी.

मराठीनं मानेला आणि मानसन्मानाला एकच शब्द दिला आहे. लहानपणी त्यातली गंमत कळत नव्हती. कळली ती महालक्ष्म्यांच्या दिवसांत.

तिकडे पुण्या-मुंबईकडे गौरी म्हणतात, आम्ही महालक्ष्म्या म्हणतो. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोन बहिणी. बाहुल्या करणारीच्या डोळ्यांनी पाहिलं तर या घरोघरच्या दोन मोठ्या बाहुल्याच. धड म्हणून धान्यानं भरलेली कोठी किंवा लोखंडी सांगाडा, त्याच्यावर चापूनचोपून नेसवलेलं लुगडं आणि वर मुखवटा. कुणाकडे पितळेचा, कुणाकडे शाडूचा, आमच्याकडे मातीचा, पणजीच्या काळातला. कापड, धान्य, लोखंड, माती, वर फुलोऱ्याच्या करंज्या-पापड्या टांगलेल्या, बाजूला दोघींची बाळं. सोळा भाज्या आणि पुरणपोळी एकीकडे, आणि सगळ्या घराचा जीव एका जागी अडकलेला. मुखवटा नीट बसला ना? कलला तर नाही ना? देवीची मान वाकडी झाली तर वर्षभर रुखरुख.

आमच्या घरी ती मान बांधायची बाई. आदल्या दिवशी दार लोटून ती कोठीच्या तोंडावर चिंध्यांची चुंबळ करायची, मुखवट्याच्या मापानं ती दाबून बघायची, सुती पट्टीचे वेढे द्यायची, परत सोडायची, परत बांधायची. मी दिवा धरून बसायचे. माप घ्यायला मुखवटा लागतो, म्हणून त्या रात्री मुखवटा तिच्या मांडीवर असायचा. ती त्याच्याशी काही बोलायची नाही. जुन्या रंगाचे पोपडे निघाले असतील तिथे बोट फिरवायची, एवढंच. दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर घर भरायचं, ताट-चमचा वाजायचा, कुंकवाची पावलं उमटायची, आणि मुखवटे उचलून ठेवायचा मान मोठ्या काकूंचा, कारण त्या सवाष्ण. मुखवटा चुंबळीवर पहिल्या झटक्यात बसायचा. सगळ्या म्हणायच्या, "काकूंचा हात चांगला." बाई तेव्हा मागच्या खोलीत कणीक तिंबत असायची.

मान बांधायची एकीनं आणि मान घ्यायचा दुसरीनं, याचं त्या घरात कुणाला काही वाटत नव्हतं. बाईला वाटत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. दिवा धरणाऱ्या मुलीला असला प्रश्न सुचत नाही, आणि सुचण्याच्या वयाची मी झाले तोवर बाई नव्हती.

हा प्रश्न मला पुढे भलत्याच ठिकाणी भेटला, तेरला. धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव गोरोबाकाकांचं. जुनं नाव तगर. सातवाहनांच्या काळात व्यापारानं गजबजलेलं. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या केओलिन मातीच्या चिमुकल्या मूर्ती आहेत, दोन साच्यांत दाबून घडवलेल्या, भाजलेल्या, डोक्यावर भरगच्च केशभूषा. रामलिंगप्पांनी त्या गावातूनच जमवल्या. मी गेले ती अर्थातच माना बघायला. काचेमागे सुटी मस्तकं दिसली आणि मला ओळखीचं हसू आलं. डोकं आणि धड एकाच मातीचं, एकाच आव्यात भाजलेलं, तरी मोडायची जागा तीच.

तेरची सगळ्यांना ठाऊक असलेली कथा आहे. गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं पाहून विचारलं, काका, हे काय? मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं, असं म्हणत गोरोबांनी ते थापटणं एकेका संताच्या डोक्यावर मारून पाहिलं. सगळे मुकाट बसले. नामदेवांना मात्र ते रुचलं नाही, आणि मडकं कच्चं ठरलं ते नामदेवांचं. मग गुरू शोधायला ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले.

तपासणारा कुंभार आणि तपासला गेलेला शिंपी. एक तेरचा, दुसऱ्याचं जन्मगाव परंपरा नरसी मानते, म्हणजे दोघेही आमच्याच मराठवाड्यातले. कीर्तनातून ही गोष्ट ऐकताना मी नेहमी अहंकार गळून पडण्याच्या जागी येऊन थांबायचे, कीर्तनकार थांबवायचे तिथेच. तेरला संग्रहालयातून बाहेर पडताना पहिल्यांदा मनात आलं, की त्या बैठकीत ज्यांनी मान खाली घातली ते पक्के ठरले आणि ज्यानं मान वर केली तो कच्चा. या मापानं आमची बाई पक्की. जन्मभर डोक्यावर थापटणी बसली, तिनं हूं केलं नाही. पण मला हे उत्तर मानवेना. मुकाट बसलेल्या मडक्यात ज्ञान आहे की नुसती सवय, हे थापटणं कसं ओळखणार? आवाज दोन्हीचा सारखाच यायचा. गोरोबांना ते ओळखता येत होतं, असं मी धरून चालते. ते संत होते. आमच्या घरातली थापटणी मात्र साध्या माणसांच्या हातात होती.

आणि बाईनं स्वतः कच्च्याचीच बाजू घेतली होती, तीही रोजच्या कामात. बाहुलीचं डोकं तिनं कधी भाजलं नाही. कुंभारमामा म्हणायचे, "दे की, आव्यात एका कडेला ठेवतो, दगडासारखं होऊन येईल." बाई नको म्हणायची. भाजलेलं फुटलं तर त्याची खापरं होतात. कच्चं फुटलं तर पाण्यात घालायचं, रात्रीत त्याची पुन्हा माती होते, सकाळी नवं डोकं वळायचं. आमच्या गल्लीतल्या कितीतरी बाहुल्यांची डोकी त्याच मातीची तीन-तीनदा झालेली होती. धड तेच, लुगडं तेच, चेहरा नवा. पोरींना त्याचं काही विशेष वाटायचं नाही. बाहुली माहेरी जाऊन आली असं म्हणायच्या.

कच्च्या मातीला आयुष्य नसतं असं वाटतं, तेही खरं नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना एका घराच्या जमिनीखाली मातीची लांबट गोल डबी सापडली. आत एक स्त्रीमूर्ती, न भाजलेल्या मातीची, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. सोबत एक बैल. मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीला भोक, मधे काडी घातली की देवी बैलावर बसते. चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्या काडीपाशीच अडकले. माझी तुराटी! पण त्या देवीला डोकंच नाही. ते तुटलेलं नाही, घडवणाऱ्या हातांनी ते केलंच नव्हतं. मानेची सगळी भानगड त्या हातांनी मुळातच मिटवून टाकली होती. इतका सुटसुटीत उपाय आमच्या घरात कुणाला सुचला नाही.

आता मी बाहुल्या करते त्याला बरीच वर्षं झाली. वासुदेव करते, त्याची मोरपिसांची टोपी उंच, म्हणून देठ जाड ठेवावा लागतो. वाघ्या-मुरळी करते, आमच्या शहरालगतच्या साताऱ्याच्या खंडोबाच्या यात्रेतले. पोतराज करताना कातरणाची पिशवी रिकामी होते, कारण त्याचा घागराच मुळी खणांच्या तुकड्यांचा. बाजारात आता न भाजता कडक होणारी तयार माती मिळते, ती तडकत नाही, तिला कापूस लागत नाही, आणि गोंद असा मिळतो की तीन वेढे आणि गाठ यांची गरजच उरू नये. एकदा तसं करून पाहिलं. बाहुली सुरेख झाली. भाचीच्या हातून ती पडली तेव्हा डोकं शाबूत राहिलं, पण मानेपाशी कापडच फाटलं. जोड जिंकला आणि बाहुली हरली. मी परत राखेकडे आणि कापसाकडे आले.

शिकायला मुली येतात तेव्हा त्यांना एक तांदूळ शिरेल एवढी सैल मान सांगते. सांगताना हल्ली जीभ जराशी अडते. बाहुलीच्या मानेबद्दल ते खरंच आहे, हाताला पटलेलं आहे. पण बाईनं ते फक्त बाहुलीबद्दल सांगितलं होतं का? "ताठ बांधलीस तर फुटंल" हे वाक्य तिनं किती घरांत, किती जणींकडून ऐकलं असेल आणि मग बाहुलीच्या गळ्यात बांधून मोकळी झाली असेल. म्हणून मी मुलींना पुढचंही सांगते, जे बाईनं सांगितलं नव्हतं. मान सैल ठेवायची ती हलावी म्हणून. हलणारी मान नुसती खालीच जाते असं नाही. हातातली बाहुली मागे कलती करा, ती वर बघते.

माझे वडील गेले २०१९ मध्ये. त्या भाद्रपदापासून आई मुखवट्यांपासून दूर झाली. तिला कुणी दूर केलं नाही, ती आपणहून मागच्या खोलीत गेली, बाईच्या जागेवर. आदल्या रात्री चुंबळ बांधायचं काम मात्र तिनं धरून ठेवलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आईनं ती बातमी कातरून देवघराच्या फळीवर ठेवली आणि त्या वर्षीही कणीकच तिंबली.

पुढच्या वर्षी मुहूर्ताच्या वेळी वहिनीनं मोठीचा मुखवटा ठेवला आणि धाकटीचा हातात घेऊन ती थेट मागच्या खोलीत गेली. म्हणाली, "आई, मला नाही बसत हा. तुम्ही बांधलीय मान, तुम्हीच ठेवा." खोटं बोलत होती. पहिला एका झटक्यात बसला होता, तेव्हा दुसरा न बसायला काय झालं? आईनं पिठाचे हात पुढे केले, मागे घेतले, पदराला पुसले. बाहेर आली. इतकी वर्षं माप घेण्यासाठी तिनं तो मुखवटा मांडीवर धरला होता, पण उभ्यानं, सगळ्यांदेखत, ताट वाजत असताना धरायची तिला सवय नव्हती. तिचे हात कापले आणि मुखवटा थोडा कलता बसला.

आमच्या घरात कलता मुखवटा म्हणजे केवढी रुखरुख, ते मी वर लिहिलंच आहे. सगळ्यांनी पाहिलं. कनिष्ठा थोरलीकडे नाही, जरा वर, फुलोऱ्यातल्या करंज्यांकडे बघत होती. काकूंच्या सुनेनं हात पुढे केला होता, तो तिनं मधेच फुलं नीट करण्याकडे वळवला. तीन दिवस आरत्या झाल्या, पुरणपोळीचं जेवण झालं, शेजारपाजारच्या बायका ओटी भरून गेल्या. मूळ नक्षत्रावर निरोप दिला तोपर्यंत ती मान कुणी सरळ केली नाही.